अर्धे गोठलेले पाणी

बेळगावात पाणी गोठत नाही. डिसेंबरच्या अखेरीस पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, शहापुरातल्या गल्ल्यांत म्हातारी माणसे कानटोप्या घालून शेकोटीभोवती बसतात, आणि ‘गरिबांचे महाबळेश्वर’ हे आमच्या गावाचे जुने बिरुद कोणीतरी हमखास उच्चारते. पण बर्फ आम्ही पाहतो तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, नाहीतर मासळी बाजारात. असे असूनही माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षे गोठलेले तळे शिकवले. धड्याचे नाव होते पाण्याचे असंगत आचरण.

दर वर्षी फळ्यावर तीच आकृती मी काढत असे. पाणी थंड होत जाते तसे जड होते आणि तळाशी जाते. मात्र चार अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर ते उलट हलके होऊ लागते, म्हणून सर्वांत थंड पाणी वरच राहते, तिथेच गोठते, आणि पाण्याहून हलके असलेले ते बर्फ वाकळेसारखे पसरून खालच्या पाण्याची ऊब राखते. खाली चार अंश, वर शून्य अंश आणि मध्ये एक मासा. मासा काढला की मुले हसत, कारण माझ्या हातून तो नेहमी वांग्यासारखाच उतरे. परीक्षेतला प्रश्नही ठरलेला असे: थंड प्रदेशात हिवाळ्यात जलचर जिवंत कसे राहतात? उत्तराला तीन गुण असत. तळ्याच्या वरच्या बाजूला त्या काळात काय चालते, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला सांगितले नाही. आकृतीत मासा होता, पक्षी नव्हता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात भाच्याने त्याची जुनी दुर्बीण मला दिली आणि एका पहाटे साडेचारला गाडीत घालून हिडकलला नेले. घटप्रभेवरचे हे धरण हुक्केरी तालुक्यात आहे, त्याची साठवण ५१ टीएमसी, म्हणजे ५१ अब्ज घनफूट, आणि सरकारी कागदांवर त्याचे नाव राजा लखमगौडा जलाशय. आम्ही मात्र सगळे हिडकलच म्हणतो. चंदगडच्या डोंगरांतून आलेले पाणी पावसाळ्यात इथे तुडुंब भरते, आणि पुढे कालव्यांतून खालच्या शेतांकडे सुटू लागले की काठ दर आठवड्याला मागे सरकत जातो. जानेवारीत त्या मोकळ्या झालेल्या ओलसर गाळावर गाळपेर केलेली असते, बहुतेक हरभऱ्याची. उन्हाळा वाढला की धरणात गेलेल्या हुन्नूर गावाचे विठ्ठल मंदिरही पाण्यातून वर येते आणि लोक दर्शनाला जातात. हिवाळ्यात ते देऊळ पाण्याखालीच असते आणि त्याच्या आसपासच्या पाण्यावर पक्षी बसलेले असतात.

त्या पहिल्या पहाटे मी केलेली चूक इथे सांगून टाकते, कारण नंतर वर्षभर ती मला ऐकवली गेली. हवा पाण्याहून थंड असल्यामुळे सबंध जलाशयावरून वाफ उठत होती, आणि त्या वाफेच्या कडेला पाण्यावर एक लांबच लांब काळी रेघ दिसत होती. भाच्याने वाटेत सांगितलेच होते की हिमालयापलीकडून येणारे हंस इथे दिसतात. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘हंस, अंदाजे तीनशे.’ सूर्य डोंगरावर आला, वाफ फाटली, आणि त्या रेघेतल्या प्रत्येक पक्ष्याच्या काळ्या कपाळावर पांढरा टिळा चमकू लागला. ते वारकरी होते. पाणकोंबडीच्या कुळातला हा काळाकुट्ट पक्षी कपाळावरच्या पांढऱ्या पट्टीमुळे मराठीत वारकरी म्हणून ओळखला जातो, आणि थंडीत तो दिंडीसारखाच जमतो. तीनशे वारकऱ्यांना मी एका ओळीत परमहंसपद देऊन टाकले होते.

खरे हंस त्यानंतर तासाभराने दिसले, तेही पाण्यावर नव्हे, तर गाळावर. सुमारे चाळीस पक्षी, राखी अंगाचे, एकाच दिशेला तोंड करून उभे होते. दुर्बिणीत आधी मान आली, मग डोके. आणि पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने, या कानापासून त्या कानापर्यंत ओढलेले दोन काळे पट्टे दिसले, जणू कोणी बोटांनी आडवे गंध लावले आहे. चोच आणि पाय नारिंगी-पिवळे. पक्षी दोन-तीन किलोंचा, उभा राहिला की घरच्या बदकापेक्षा बराच उंच. मराठीत याला पट्टकादंब म्हणतात, आणि कन्नडमध्ये पट्टेतले हेब्बातु, म्हणजे पट्टेरी डोक्याचे मोठे बदक. दोन्ही नावे नेमकी आहेत, पण मला मराठी नाव अधिक आवडते, त्याला कारण आहे. संस्कृत कोशांत कादंब म्हणजे कलहंस. बेळगावपासून फार लांब नाही अशा खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंब राजांची राजधानी होती. शाळेच्या सहलीला आम्ही दर दोन वर्षांनी तिथली नरसिंहाची आणि वराहाची मूर्ती पाहायला जात असू. राजघराण्याचे नाव कदंबाच्या झाडावरून आले आणि पक्ष्याचे नाव वेगळे, हे मला ठाऊक आहे. तरीही कादंब हा शब्द उच्चारताना मला हलशीच आठवते, आणि हा पक्षी पाहुणा न वाटता जुन्या वतनदारासारखा वाटू लागतो.

वतनदार म्हटले की वसुलीही आली. त्याच काठावर हरभऱ्याची राखण करणाऱ्या एका शेतकऱ्याने आम्हाला हटकले, ‘एन नोडाकत्तीरी?’ काय बघताय? पक्षी बघतोय, असे मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितले, तेव्हा त्याने मराठीत उत्तर दिले, आणि ते माझ्या कन्नडपेक्षा कितीतरी चांगले होते. ‘दिवसा तुम्ही बघता, रात्री मी बघतो,’ तो म्हणाला. कादंब दिवसभर उघड्या काठावर किंवा पाण्यात विसावतात, आणि अंधार पडला की थव्याने शेतांत उतरून कोवळा हरभरा, गवत, सांडलेले दाणे खातात. राखणदार डबा वाजवतो, टॉर्च मारतो; थवा उठतो, एक फेरी मारतो आणि शेजारच्या पट्टीत उतरतो. जाताना तो म्हणाला, ‘आवडले असतील तर न्या की बेळगावला.’ पक्षिनिरीक्षणाच्या माझ्या सगळ्या वह्यांत या माणसाचे म्हणणे मी पहिल्या पानावर लिहिलेले आहे, कारण दुर्बिणीतून हरभरा दिसत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात सुभेदारकाका भेटले. बेळगाव ही मराठा लाइट इन्फंट्रीची छावणी; तालुक्याच्या पश्चिम भागातल्या जवळजवळ प्रत्येक गावात फौजेतून निवृत्त झालेला माणूस असतो, आणि तो कितीही वर्षांपूर्वी घरी आलेला असला तरी पहाटे साडेचारलाच उठतो. सुभेदारकाका अशांपैकीच एक. राकसकोपच्या काठावर ते फिरायला येत, मी स्टूल टाकून बसलेली असे. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय १९६२ सालचा, बेळगाव शहराला पाणी पाजणारा, आणि त्याच्या पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातले तुडये गाव. आमच्या भागात सीमा हा शब्द काढला की चहा थंड होईपर्यंत बोलणे संपत नाही, म्हणून मी तो सहसा काढत नाही. पण पक्ष्यांची यादी भरताना ‘राज्य’ असा एक रकाना येतो, आणि थवा अलीकडून उठून पलीकडच्या चिखलात बसला की माझे पेन हटकून अडते.

काकांनी माझ्या हातून दुर्बीण घेतली, पाण्यावर फिरवली आणि तांबूस-नारिंगी रंगाच्या एका जोडीवर थांबवली. ‘हा इथं कसा?’ असे ते स्वतःशीच म्हणाले. ते चक्रवाक होते. मग त्यांनी सांगितले की पलटणीबरोबर लडाखला असताना हेच पक्षी त्यांनी पाहिले होते, आणि त्यांच्याबरोबर डोक्यावर दोन पट्टे असलेले हंससुद्धा. मात्र ते दिवस एप्रिलचे होते आणि तळे अर्धे गोठलेले होते. मी उत्साहाने त्यांना चार अंशांचे जड पाणी आणि वर तरंगणारे बर्फ समजावून सांगू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, ‘बाई, तुम्ही पुस्तकात बघून सांगूलालाय, मी त्याच्यावर उभा राहून आलोय.’

त्यानंतर दोन हिवाळे मी त्यांच्याकडून ते तळे थोडे थोडे ऐकले. ते कोणते, हे त्यांनी सांगितले नाही. फौजेतली माणसे ठिकाणांची नावे सांगत नाहीत. लडाखमधील त्सो मोरीरी, त्सो कर ही सरोवरे साडेचार हजार मीटरच्या वर आहेत, हिवाळाभर ती गोठलेली असतात, आणि पट्टकादंब तिथे अंडी घालतात, एवढे मी वाचलेले होते. काकांचे तळे त्या जातीचे असावे. ते म्हणत, ‘तळं रात्री ओरडतंय, बाई.’ रात्री थंडी वाढली की बर्फ आकसते, ताणले जाते आणि त्याला तडे जातात, आणि तो आवाज मैलभर पसरलेल्या बर्फाच्या पत्र्यातून असा धावत जातो की नवा जवान दचकून उठून बसतो. माझ्या आकृतीत शून्य अंश लिहिलेले होते, हा आवाज नव्हता. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी, की तळे कधी एकदम गोठत नाही आणि एकदम सुटतही नाही. ओढा जिथे येऊन मिळतो तिथले पाणी हलते राहते, म्हणून तिथे शेवटी गोठते आणि पहिल्यांदा उघडते. तळातून झरा येत असेल तर त्याच्या वर कडाक्याच्या थंडीतही ताटाएवढे भोक राहते. त्यांच्या तळ्यावर ओढ्याच्या मुखाशी असा एक उघडा तुकडा होता, आणि सगळे पक्षी त्या एका तुकड्यात. बाकीचे सबंध तळे पांढरे, रिकामे. आणि त्या काळ्या पाण्यात बदके, चक्रवाक, हंस असे दाटीवाटीने, की पाणी दिसू नये. काही बर्फाच्या कडेवर एका पायावर उभे.

एका पायावर का, याचे उत्तर माझ्याकडे होते, आणि ते सांगताना मी पुन्हा थोडी बाई झाले. बदकाच्या पायांत गरम रक्त खाली नेणारी आणि थंड रक्त वर आणणारी रक्तवाहिन्यांची जोडी एकमेकींना चिकटून असते. वरून येणारे रक्त आपली ऊब वाटेतच परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकते, म्हणून पावलापर्यंत पोहोचते ते बेताचेच कोमट, आणि बर्फाला देण्यासाठी पावलाजवळ फारशी ऊब उरतच नाही. पाऊल गोठणार नाही एवढे रक्त खेळते, बाकी ऊब अंगातच राहते. एक पाय पिसांत घेतला की तोटा निम्मा. काकांना हे पटले, पण त्यांनी भर घातली की रात्रपहाऱ्यावरच्या जवानालाही हेच सुचते, फक्त त्याला पिसे नसतात.

तळ्यातल्या बेटांविषयी त्यांनी सांगितलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हंस त्या बेटांवर घरटी करतात. पण एप्रिलमध्ये पोहोचल्यावर लगेच नाही. तळ्याच्या उघड्या तुकड्यात ते थांबून राहतात. बेट आणि काठ यांच्यामध्ये बर्फ आहे तोवर ते बेट बेट नसतेच. कोल्हा चालत जातो, छावणीभोवती वाढलेली भटकी कुत्री चालत जातात. बर्फ सुटले की मधे पाणी येते आणि मग ते बेट होते. म्हणजे ज्या बर्फाने खालच्या माशाला राखले तेच वरच्या पक्ष्याचे घर उघड्यावर टाकते. सव्वीस वर्षांत हे मला एकदाही सुचले नाही, आणि ज्या माणसाला सुचले त्याने माझा धडा कधी ऐकला नव्हता.

इथून तिथवरच्या वाटेविषयी आम्ही जे बोललो त्यात मात्र आम्ही दोघेही ऐकीव माहितीचेच धनी होतो. पट्टकादंब एव्हरेस्टवरून उडतो असे सर्रास सांगितले जाते, आणि काकांचाही त्यावर विश्वास होता. पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाद्वारे माग लावणारी यंत्रे बसवून गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे अभ्यास झाले, त्यांत नोंदलेली सर्वाधिक उंची सुमारे ७,२९० मीटर आहे. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. बहुतेक वेळ हे पक्षी साडेपाच हजार मीटरच्या खालूनच, खिंडी आणि दऱ्या धरून जातात. उत्तरेकडे परतताना भारताच्या मैदानातून उठून तिबेटच्या पठारावर ते सात-आठ तासांत पोहोचू शकतात, आणि त्यासाठी मागून येणाऱ्या वाऱ्याची वाट न पाहता रात्रीची किंवा पहाटेची थंड, दाट हवा निवडतात. त्यांच्या हिमोग्लोबिनची रचना सखल भागातल्या हंसांच्या हिमोग्लोबिनपेक्षा किंचित वेगळी असते, आणि ते विरळ हवेतूनही ऑक्सिजन घट्ट धरते. पण काकांना खिळवून ठेवले ते २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निष्कर्षाने: हे पक्षी एकदा मिळवलेली उंची धरून ठेवत नाहीत. डोंगर आला की चढतात, दरी आली की पुन्हा खाली उतरतात, आणि पुढच्या डोंगराला पुन्हा चढतात, कारण विरळ हवेत वरच्या वर उडत राहण्यासाठी लागणारे बळ या चढउतारापेक्षा महाग पडते. ‘चढलेलं उतरायचं म्हटलं की आमच्या जिवावर यायचं,’ काका म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता ज्या तळ्यावर माझी बहुतेक हिवाळी सकाळ जाते त्याविषयी. ते काकांच्या गावचे आहे, धरण नव्हे, साधे गावतळे. गावाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते आमच्याकडच्या कित्येक तळ्यांना लागू आहे आणि एकाच गावाला त्याचा मान मिळू नये. काका सांगतात की त्यांच्या लहानपणी थंडीत तिथे बदके इतकी उतरत, की पहाटे भाताच्या मळणीला जाणाऱ्याला त्यांच्या बोलण्याने जाग येई. कादंबही येत का, असे विचारले तर ते म्हणतात, ‘यायचे खरं, त्यांचं नाव माहीत नव्हतं.’ आज तळ्याचा निम्म्याहून अधिक भाग जलपर्णीने झाकलेला आहे. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने माणसांनी जगभर नेली. गटारांचे पाणी मिळाले की तिला खताची ददात राहत नाही, आणि अनुकूल दिवसांत साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते.

डिसेंबरच्या एका सकाळी स्टुलावर बसून मी त्या तळ्याचा कच्चा नकाशा काढत होते. झाकलेला भाग रेघांनी भरला, उघडा भाग कोरा ठेवला, पक्षी ठिपक्यांनी दाखवले. नकाशा पूर्ण झाल्यावर तो काकांना दाखवला, तर ते म्हणाले की हे तर आमचे तिकडचे तळे. खरोखरच तसे होते. सगळे पोहणारे पक्षी एका कोपऱ्यातल्या उघड्या पाण्यात दाटलेले: वारकरी, टिबुकल्या, दहा-बारा हळदीकुंकू बदके, थापट्यांची एक जोडी. आणि तो कोपरा उघडा का राहिला होता, तर गणपती विसर्जनासाठी दर वर्षी गावातली पोरे तेवढी जागा साफ करतात म्हणून. तिकडे ओढा जे काम करतो ते इथे गणपती करतो. सप्टेंबरात साफ केलेला तो चौकोन नोव्हेंबरपर्यंत कडांनी मिटत येतो, आणि नेमके तेव्हाच उत्तरेकडचे पक्षी उतरू लागतात.

साम्य तेवढ्यावर संपते, आणि विज्ञानाची शिक्षिका म्हणून ते कुठे संपते हे मला सांगावेसे वाटते. बर्फाखालच्या पाण्यात ऊब राहते, आणि थंड पाणी प्राणवायू अधिक धरते; आकृतीतला तो वांग्यासारखा मासा वसंतापर्यंत तगू शकतो. जलपर्णीखाली उजेड जात नाही, म्हणून पाण्यातल्या इतर वनस्पती मरतात. वरची पाने कुजून तळाशी जातात आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात. मासा दगावतो तो इथे. वरच्या बाजूचा हिशोब मात्र उलटा आहे, हेही नोंदवले पाहिजे. बर्फाच्या पत्र्यावर कोणाला खायला मिळत नाही. जलपर्णीवर लांब बोटांचे कमळपक्षी आरामात चालतात, जांभळ्या पाणकोंबड्या तिचे देठ सोलून खातात, वंचक तिच्या कडेवर मासा येण्याची वाट पाहत ध्यान लावतो. तळे मेले आहे असे म्हणण्याची आमच्याकडे फॅशन आहे, ते खोटे आहे. तळ्याचे पक्षी बदलले आहेत. ज्यांना उघडे पाणी आणि उघडा काठ हवा, दुरून येणारा कोल्हा दिसावा एवढे मोकळे रान हवे, ते हिडकलला जातात. तिथे जलाशय मोठा आहे आणि काठ रोज नवा उघडा पडतो.

तिथेही त्यांना किती जवळून पाहायचे याचा धडा मला एकदा नीट मिळाला. पांढरी शाल पांघरून मी गाळावरून थोडी पुढे, थोडी पुढे असे करत गेले. चरणाऱ्या थव्यातली एक मान वर आली, मग तीन, मग सगळ्या. मी आणखी दोन पावले टाकली, आणि चाळीसच्या चाळीस पक्षी घोगरा आवाज करत उठून पलीकडच्या काठाला गेले. इतक्या लांबून आलेल्या पक्ष्याला पोटात साठवलेली चरबी परतीच्या वाटेसाठी हवी असते, आणि ती मी एका फोटोसाठी खर्च करायला लावली. फोटोही हललेला आला. आता पहिली मान वर आली की मी थांबते आणि दुसरी वर आली की मागे सरकते. शाल मातीच्या रंगाची घेतली आहे.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. भारतात ती १९८७ पासून दर वर्षी होते आणि कोणीही हौशी माणूस आपल्या तळ्यावर ती करू शकतो. आमच्या भागात पक्ष्यांची यादी करण्याची परंपरा तशी त्याहून बरीच जुनी आहे. बेळगावच्या छावणीत असलेल्या बटलर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन आणि दक्षिण मराठा प्रदेशातल्या पक्ष्यांची यादी १८८१ साली प्रसिद्ध केली, आणि ती छापली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या पक्षिविषयक नियतकालिकात. चार वर्षांनी याच ह्यूम यांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आम्ही प्रत्येक पाहुण्याला दाखवतो, १९२४ च्या अधिवेशनाची आणि गांधीजींच्या अध्यक्षपदाची गोष्ट सांगतो. पण ज्यांच्यामुळे काँग्रेस आली त्यांच्यामुळेच आमच्याकडची पाखरेही छापून आली होती, हे निवृत्त होईपर्यंत मलाही माहीत नव्हते. सुभेदारकाकांना ही गोष्ट फार आवडली. फौजी माणसाने केलेली यादी म्हणून त्यांचा तिच्यावर विशेष भरवसा आहे.

गेल्या जानेवारीत गावतळ्याची गणना आम्ही दोघांनी केली. ठरल्याप्रमाणे मी दुर्बिणीतून पाहून आकडा सांगायचा आणि त्यांनी लिहायचे, कारण त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. वारकऱ्यांची मोजणी दोनदा केली. पहिल्या वर्षीचा प्रसंग त्यांना मी सांगितलेला होता आणि तो ते विसरू देत नाहीत. गणपतीच्या चौकोनात एकेचाळीस वारकरी, सहा टिबुकल्या, नऊ हळदीकुंकू बदके. जलपर्णीवर कमळपक्षी चार, जांभळ्या पाणकोंबड्या सतरा. काठाच्या दगडांवर एक तुतवार आणि दोन धोबी. पलीकडे शेंड्यावर बसलेला पाणकावळा पंख वाळवत होता, तो एक. मी दुर्बीण गळ्यात सोडली आणि झाले असे म्हटले.

काका पेन धरून तसेच बसले होते. ‘कादंब?’ त्यांनी विचारले.

‘इथे नाहीत ना, काका.’

‘नाहीत ते दिसूलालंय. लिहायचं काय?’

मी सांगितले की नसलेल्या पक्ष्यांची नावे आपण लिहीत नाही, कारण तशी यादी संपणारच नाही. त्यांनी मान हलवली. इथे ते येत होते, हे सांगणारा मी अजून आहे, तोवर शून्य लिहायला हरकत नसावी, असे त्यांचे म्हणणे पडले. मग त्यांनी यादीच्या शेवटी, आपल्या वळणदार अक्षरात पट्टकादंब असे लिहिले, त्यापुढे एक मोठे शून्य काढले, वेळ घातली सात वाजून चाळीस मिनिटे, आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे केला.